मचूळ पाण्यावरचा कॉम्प्युटर

भिवंडीत आवाजाची तक्रार करणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाहीतर आजारी. आमचं घर निजामपुऱ्यात पहिल्या मजल्यावर होतं आणि खालच्या गाळ्यात कापड विणणारे बारा लूम. घरात आम्ही ओरडूनच बोलायचो. परगावी लग्नाला गेलो की तिथल्या लोकांना वाटायचं, ही मंडळी भांडतायत. शुक्रवारी लूमला सुट्टी. त्या दिवशी शाळेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले माझे वडील, एरवी दुपारी घोरणारे, टक्क जागे बसलेले असायचे. शांततेत त्यांना झोप लागत नसे.

माझा कॉम्प्युटर किती बोंबलतो हे मला असंच एका शुक्रवारी कळलं.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. कॉम्प्युटर मी स्वतः जोडला होता, मुंबईहून एकेक सुटा भाग आणून. आमच्या सबंध गोतावळ्यात कॅबिनेट उघडून आत हात घालणारा मी पहिला. कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला की मला बोलावणं यायचं. आधी चहा, मग बिघाड, मग जेवूनच जा असा आग्रह. हा मान मला फार आवडायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तर त्या शुक्रवारी मी मावशीला घरी आणवलं होतं, तिची गाणी रेकॉर्ड करायला.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन माहेरी, वळ गावी परत आलेली, मूलबाळ नाही. ती धवलारीण होती. आमच्याकडच्या गावांत लग्न लागायचं ते भटजीच्या मंत्रांइतकंच धवलारणीच्या गाण्यावर. हळदीला वेगळा धवला, मांडवाला वेगळा, पाठवणीला वेगळा, आणि सगळं तोंडपाठ. कागदावर एक अक्षर नाही. शिवाय धवला आमच्याकडे एकटीने म्हणत नसत. एकीने ओळ टाकायची आणि दुसरीने तिचं शेपूट झेलायचं. मावशीच्या मागून झेलणारी तिची शेजारीण वारली, त्यातच लग्नांत डीजे आले, आणि मावशीला बोलावणी येणं थांबलं. ते सगळे धवले तिच्या एकटीच्या डोक्यात राहिले.

तिच्या मागून झेलणारं आणखी एक जण होतं, ते म्हणजे मी. भिवंडीतल्या आमच्या खोलीत तेव्हा जागा नव्हती, म्हणून चौथीपर्यंत मी वळला मामाकडे वाढलो. मावशी चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत ओळ टाकायची आणि मी शेजारी बसून शेपूट उचलायचो. चुकलो की डोक्यात पिठाच्या हाताची टपली. मामाचा मुलगा तेव्हा पाळण्यात होता. मावशीवर माझा हक्क त्याच्या आधीचा, हे माझ्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं होतं. पुढे मी भिवंडीत आलो आणि ती त्याच्या घरात राहिली, पण हक्काला काय, तो काही घराबरोबर बदलत नाही.

त्या शुक्रवारी वीस मिनिटं रेकॉर्डिंग झालं. ती ओळ टाकत गेली, मी झेलत गेलो, इतक्या वर्षांनी एकदाही चुकलो नाही. मग आम्ही ते लावून ऐकलं. मावशी पिठाच्या गिरणीत उभी राहून गातेय असं वाटत होतं. आत तीन पंखे होते, प्रोसेसरवरचा एक, मागचा एक, पॉवर सप्लायचा एक, आणि तिघांनी मिळून तिचा आवाज पार चिरडून टाकला होता. मावशी म्हणाली, बरा हाय की. पण तिला मोटारसायकलवरून घेऊन आलेला मामेभाऊ दारात उभा होता. तो म्हणाला, "दादा, पंख्याचाच आवाज जास्त येतो."

तो बरोबर बोलला होता, म्हणूनच ते झोंबलं. मी क्लासातल्या सुरात समजावलं, की प्रोसेसर तापतो, पंखा नसेल तर जळून जाईल, सगळ्यांच्याच कॉम्प्युटरला आवाज असतो. त्याने थोडा विचार करून विचारलं, ट्रकसारखा पाण्याने थंड केला तर? मी हसलो. कॉम्प्युटर म्हणजे ट्रक नव्हे, असंही म्हणालो. तो मावशीला मागे बसवून निघून गेला.

मामाची भातशेती तोवर गोडाऊनखाली गेली होती. भाडं यायचं, आणि मामेभाऊ गोडाऊनच्या ऑफिसात बसून बिलं बघायचा. त्याच्या गाडीचं, त्याच्या नव्या घराच्या टाइल्सचं मला काही वाटत नसे, असं मी म्हणायचो. लक्ष्मी त्यांच्याकडे, सरस्वती आमच्याकडे, अशी वाटणी मी परस्पर करून टाकली होती. कॅबिनेट कसं उघडायचं, रॅम कशी बसवायची, हेसुद्धा त्याला मीच शिकवलं होतं.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. दादा, येऊन बघ, काहीतरी केलंय.

मी गेलो. त्याने नवीन महागडा कॉम्प्युटर घेतला असेल अशी माझी खात्री होती, आणि नाक कसं मुरडायचं ते मी रिक्षातच ठरवलं होतं. पण त्याने काहीच विकत घेतलं नव्हतं. त्याने ते बनवलं होतं. प्रोसेसरवर पंख्याऐवजी तांब्याचा एक जाड चौकोनी ठोकळा होता, आतून पाणी फिरेल असा पोकळ. तो त्याने निजामपुऱ्यात लूमचे पार्ट बनवणाऱ्या लेथवाल्या मिस्त्रीकडून कातून घेतला होता, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. ठोकळ्याला गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी. नळीचं एक टोक बिस्किटांच्या बरणीत, तिथे रूमकूलरचा पंप बुडवलेला. आणि कॅबिनेटच्या डोक्यावर, पत्रा कापून, एका भंगारातल्या गाडीच्या हीटरची जाळी बसवली होती, जवळच्या वडपे गावातल्या भंगारवाल्याकडून शोधून आणलेली. पाणी ठोकळ्यातून तापून यायचं, जाळीतून निवून परत बरणीत. बाकीचे पंखे काढून टाकून जाळीवर एकच मोठा पंखा, तोही इतका हळू की त्याची पाती मोजता येत होती.

त्याने बटण दाबलं. मी आवाजाची वाट बघत उभा राहिलो. मग माझ्या लक्षात आलं की स्क्रीन कधीच उजळलाय.

मला मामाचं घर ऐकू येत होतं. मामी मागच्या पडवीत सुपात तांदूळ पाखडत होती ते, खिडकीतली चिमणी, खाटेवर बसलेल्या मावशीच्या बांगड्या. इतके आवाज त्या घरात आहेत हे मला माहीतच नव्हतं.

गुरूची विद्या गुरूलाच फळली. खरं सांगायचं तर मी जळून खाक झालो. पैशाने मागे टाकलं असतं तर मी तक्रार केली नसती, तिथे मी आधीच हार मानून बसलो होतो. पण हे डोक्याने केलेलं काम होतं, हाताने केलेलं काम होतं, आणि मिस्त्री माझ्या घरामागचा. मी रोज त्या लेथवरून चालत जायचो. वर मावशीने खाटेवरून सांगितलं, "पोरानं माझ्यासाटी केलाय, बग. गान्यात घरघर नको म्हून." मला आनंद होईल अशा खात्रीने सांगितलं तिने. मी म्हणालो, वा.

मग मी विचारलं, पाणी कुठलं घातलंस? बोरचं, तो म्हणाला. गोड्या पाण्याला मामी हात लावू देत नाही.

हे वळच्या बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. खाडी जवळ असल्यामुळे तिथलं बोरचं पाणी मचूळ, त्यात डाळ शिजत नाही की साबणाला फेस येत नाही. नळाचं गोडं पाणी दिवसातून एकदा यायचं आणि ते हंड्यांत भरून झाकून ठेवायचं, फक्त पोटात जाणाऱ्या गोष्टींसाठी. बाकी सगळं बोरवर. त्या गावात वाढलेल्या माणसाच्या हाडात हा नियम असतो. कॉम्प्युटर काही पाणी पीत नाही, म्हणून त्याला बोरचं. त्याच्या जागी मी असतो तरी बरणी तिथेच भरली असती.

फक्त मी केमिस्ट्री शिकलो होतो. मी जाळीवर नख ओढून पाहिलं. आत पांढरं निघालं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. ठोकळा तांब्याचा, जाळी अ‍ॅल्युमिनियमची, आणि दोघांमध्ये खारट पाणी. असं असलं की अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं, आतून कुरतडल्यासारखं, आणि कधी ना कधी भोक पडतं. जाळी बरोबर मदरबोर्डाच्या वर होती. इलाजही सोपा होता: बॅटरीवाल्याकडे बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी मिळतं ते भर, आणि जमलं तर तांब्याची जाळी शोध. एका वाक्याचं काम होतं.

त्याने मला सरळ विचारलं. "दादा, तू नीट बग. काय चुकलंय का?"

मी वाकून बराच वेळ बघितलं. म्हणालो, "ठीक आहे."

त्याचं नुकसान व्हावं असं काही माझ्या मनात नव्हतं, निदान मी स्वतःला तसं सांगितलं. माझी इच्छा एवढीच होती की ते एकदा बंद पडावं. मग तो मला फोन करील, मी जाईन, चहा होईल, मी नखाने जाळी खरवडून दाखवीन आणि सगळे माना डोलावतील. फोनवर सांगू, असंही मी रिक्षात बसल्यावर ठरवलं. सांगितलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मावशीचं रेकॉर्डिंग ठरलं. मला बोलावणं होतं आणि मी येतो म्हणालो होतो. सकाळी शर्टसुद्धा चढवला. मग डोळ्यापुढे ती शांत खोली आली, तो बटण दाबणार, मावशी त्याच्या माइकमध्ये गाणार, आणि मी बाजूला बसून वाहवा करणार. झेलायला मामी होतीच, तिलाही थोडंफार येत होतं. माझं काय अडलंय तिथे? क्लासात जादा बॅच आहे असा निरोप पाठवला आणि दिवसभर घरीच बसलो. संध्याकाळी आमचं ते वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग लावलं. त्याच्याकडे आता स्वच्छ आवाज असणार आणि माझ्याकडे ही गिरणी. मी ते डिलीट केलं. वर रिसायकल बिनही रिकामी केली, म्हणजे उद्या मोह नको.

त्यानंतर मामेभावाने दोनदा क्लासच्या फोनवर फोन केला. दोन्ही वेळा मी, लेक्चर चालू आहे असं सांगा, असा हात केला. काय बोलणार तो? कसं झकास झालं ते सांगणार. आई वळला जाऊन आली की म्हणायची, ताई विचारत होती तुला. बहिणी भेटल्या की असं म्हणतातच, असं धरून मी चाललो. दर शुक्रवारी एक नवं कारण निघायचं. मी मनात त्याच्या सीड्या निघालेल्या बघत होतो, कव्हरवर मावशीचा फोटो, आणि खाली रेकॉर्डिंग करणाऱ्याचं नाव.

होळीच्या आसपास मावशीला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा ती सगळ्यांना ओळखत होती, डावा हात हलवत होती, पण तोंडातून शब्द नाही, नुसता आवाज. मी खाटेशी उभा होतो आणि माझ्या मनात काय आलं ते सांगतो. याच्याजवळ तरी तिचा आवाज आहे, माझ्याजवळ काय आहे? तिथेही मी त्याच्यावरच जळत होतो.

पावसाळा तोंडावर आला असताना एका दुपारी मामेभाऊ कॅबिनेट रिक्षात घालून माझ्या घरी आला. खाली सगळे लूम चालू होते. त्याने कॅबिनेट जमिनीवर ठेवून बाजूचा पत्रा काढला. जाळीवर मिठासारखी पांढरी बुरशी फुटली होती, बोर्डावर ओघळ सुकून हिरवे डाग पडले होते. घरात सगळी मावशीच्या मागे असताना केव्हातरी वरून गळलं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. बोर्ड गेला, प्रोसेसर गेला. मी नख लावायच्या आधीच जाळीचा तुकडा हातात आला.

तो माझ्याकडे बघत होता. लूमच्या वर आवाज चढवून त्याने विचारलं, "दादा, तुला ठाऊक व्हतं का, असा व्हईल म्हून?"

निजामपुऱ्यात खोटंही पुटपुटून भागत नाही. मला ओरडून सांगावं लागलं. "नाही!"

त्याने मान हलवली. डिस्क खाली असल्यामुळे वाचली असेल, ती बघ, म्हणाला. आत आत्याची एकच फाईल हाय. माझी मावशी ती त्याची आत्या. एकच का, हे मी तेव्हाही विचारलं नाही. सगळे धवले एका फाईलीत भरले असतील, असं समजलो.

डिस्क मी शुक्रवारी जोडली, लूम बंद असताना. फाईल जेमतेम चार मिनिटांची होती.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, रिकामीच आहे. आवाज पूर्ण वाढवला. मग एक बांगडी वाजली, इतकी जवळ की मी मागे वळून बघितलं. आणि मावशी म्हणाली, "पानी आन् करंट एकाच डब्यान. काय व्हनार न्हाय ना रं?"

मामेभाऊ हसला. "दादानं बगितलंय, आत्या. काय चुकलं असतं तर दादा बोलला असता."

"मग बरा," मावशी म्हणाली.

मामीने विचारलं, मी झेलू का? मावशी नको म्हणाली. त्याला येऊ दे, त्याला सगळं येतं. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. बाहेर एक रिक्षा थांबल्याचा आवाज आला, मावशी म्हणाली, आला बग. रिक्षा निघून गेली. मामेभावाने हळूच विचारलं, बंद करू का? निरोप नंतर पोचला असणार.

"ऱ्हाऊ दे चालू," मावशी म्हणाली. "येल त्यो."

पुढे दीड मिनिट काहीच नाही. पंखा नाही, घरघर नाही. फक्त ती श्वास घेत होती आणि माझी वाट बघत होती, आणि त्याने तो कॉम्प्युटर इतका शांत केला होता की ते सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

त्याच दुपारी मी वळला गेलो. मावशी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी जमिनीवर बसलो, चुलीपाशी बसायचो तसा, आणि हळदीच्या धवल्याची शेपटं म्हणायला लागलो. मला तेवढीच येत होती. तिची ओळ यायची तिथे मी तेवढा वेळ थांबायचो, मग माझा तुकडा म्हणायचो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. एक, दोन, सात, आठ. नववं मी मुद्दाम चुकवलं, दहावं तिथे म्हटलं.

तिचा डावा हात चादरीवरून उचलला गेला, माझ्या डोक्याशी आला आणि टपली बसली.

म्हणजे आत सगळं जसंच्या तसं होतं. एकेक ओळ आपापल्या जागी होती आणि मी चुकलेलं तिला लगेच कळत होतं. फक्त आता ते बाहेर काढायचा रस्ता नव्हता, आणि होता तेव्हा तीन महिने मी क्लासात जादा बॅच घेत होतो.

मामेभाऊ दारात उभा राहून बघत होता. त्याने विचारलं, "काय म्हनते आत्या?"

"चुकलो म्हणते," मी म्हणालो. मग त्याच्याकडे वळून सांगितलं, "आणि तू विचारलंस ना, मला ठाऊक होतं का. होतं. पहिल्या दिवसापासून."

तिथे लूम नव्हते. मला ओरडावं लागलं नाही, आणि त्याला ते पुन्हा विचारावं लागलं नाही.